फियाटचा घसा बसतो तेव्हा

मोटार चालवणे सोपे आणि मोटार ठेवणे अवघड, असे माझे फार जुने मत आहे. चालवायला माणूस पंधरा-वीस दिवसांत शिकतो. पण न चालवता ती नीट कशी ठेवावी, ही विद्या फार थोड्या घरांत असते. आपल्या गृहिणी या बाबतीत पुरुषांहून शहाण्या. ट्रंकेतला शालू वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवला तर घडीवरच विरतो, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून वर्षातून एकदा तो बाहेर निघतो, त्याला वारा लागतो, घडी बदलते आणि मगच तो पुन्हा आत जातो. मोटारीचा मालक मात्र गाडीवर ताडपत्री टाकतो आणि "उभी तर आहे, खायला थोडीच मागते!" म्हणून हात झटकतो. खायला ती मागत नाही हे खरे. पण तिच्या पोटात जे उरलेले असते, ते तिला आतून खात असते.

या सदरात आजवर शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप, किल्लीचे घड्याळ असे घरोघरचे रुग्ण येऊन गेले. दिवाळी अंकासाठी रुग्णही जरा घरंदाज असावा, म्हणून यंदा मोटार घेतली आहे. आणि मोटारीचाही एकच अवयव, तिचा घसा. त्याला कार्बुरेटर म्हणतात. हल्लीच्या गाड्यांत तो नसतो. तिथे संगणकाच्या हुकमाने पेट्रोलची पिचकारी उडते. परंतु जुन्या गाड्यांत, आणि २०२० पर्यंत विकल्या गेलेल्या कितीतरी स्कूटरी-मोटारसायकलींत तो आहेच. तेव्हा ही कथा केवळ हौशी श्रीमंतांची नव्हे. जिन्याखाली धूळ खात पडलेली वडिलांची स्कूटर डोळ्यांपुढे आणा आणि पुढे वाचा.

आमचा रुग्ण होता नागपूरच्या लकडगंजात. सेंट्रल अव्हेन्यूवर २०२२ पासून डोक्यावरून मेट्रो धावू लागली. पण टेलिफोन एक्स्चेंज चौकातून आतल्या गल्लीत शिरले, की अजूनही आरा मशीनची किंकाळी, ओल्या सागवानाचा वास आणि भुशाचे ढीग. माल चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला. जुने व्यापारी त्याला आजही 'सी. पी. टीक' म्हणतात. मध्य प्रांत इतिहासजमा झाला, १९५६ साली नागपूरचे राजधानीपणही गेले, लाकडाचे नाव तेवढे राहिले. दिल्लीच्या नव्या संसदभवनाला सागवान नागपूरहूनच गेले, हे ऐकवल्याशिवाय इथला व्यापारी पाहुण्याला चहा सांगत नाही.

याच गल्लीत माझ्या काकांची टाल होती. टाल म्हणजे लाकडाची वखार, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी. टालीच्या मागे टिनाची शेड, आणि शेडमध्ये फळ्यांच्या दोन थप्प्यांच्या मधोमध १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. नागपुरात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. सगळे फियाटच म्हणतात, आणि त्यात वावगे काही नाही. इटलीच्या फियाट ११०० चेच हे रूप. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ते बांधले आणि १९७४ पासून त्याचे 'पद्मिनी' असे बारसे झाले. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या दांड्याला. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिला मोठ्या माणसाला साजेसा निरोप दिला.

२०२१ च्या एप्रिलात, करोनाच्या त्या वाईट दिवसांत, काका गेले. त्याआधी दोनच महिने त्यांनी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी नवी करून घेतली होती. गाडी तेव्हापासून उभी. नागपूरचे पाच उन्हाळे तिने त्या टिनाच्या शेडमध्ये काढले. बाहेर पारा ४५ अंशांच्या वर असताना आत काय होत असेल याची कल्पना करावी. यंदा टालीची जागा विकली गेली. ताबा दिवाळीच्या पाडव्याला द्यायचा. शेड मोकळी करायची म्हणजे गाडीचे काहीतरी ठरवणे आले. भंगारवाला येऊन चारी बाजूंनी फिरून गेला. त्याने टायरला लाथ मारली, पत्र्यावर टिचकी मारली आणि वजनावर भाव सांगितला.

माझा चुलतभाऊ पुण्याला नोकरी करतो. तो व्यवहारी आहे आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. २०२६ च्या सुरुवातीला नोंदणीची मुदत संपणार; नवी करायची तर गाडी चालत्या स्थितीत तपासणीला न्यावी लागणार. पन्नाशी ओलांडलेल्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी गाडीला २०२१ च्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणून नोंदवता येते, पण त्यालाही गाडी चालायला हवी. चालली तर धरमपेठेतल्या घराच्या ओसरीपुढे ठेवू, नाही चालली तर भंगार, असा त्याने निवाडा दिला. काकू काही बोलल्या नाहीत. दर गुरुवारी हातात फडके घेऊन त्या लकडगंजात का जात, हे घरात सर्वांना ठाऊक होते, आणि कोणी विचारत नव्हते.

गणपतीच्या आधी एक प्रयत्न होऊन चुकला होता. चुलतभावाने फोनवरून एक गॅरेजवाला ठरवला. त्याने नवी बॅटरी लावली, कार्बुरेटर खोलून हवा मारली, टाकीत होते त्यावरच पाच लिटर ताजे पेट्रोल ओतले. गाडी खोकत खोकत सुरू झाली! पैसे घेऊन तो गेला. किलोमीटरभर अंतरावर चितार ओळीच्या चौकात, गणपतीच्या मूर्ती न्यायला आलेल्या गर्दीच्या ऐन मध्यावर, ती बंद पडली ती पडलीच. चार पोरांनी ढकलत परत आणली. त्या दिवशी गाडीचा निकाल लागला असेच सगळे धरून चालले.

मग काकूंनीच जुन्या मिस्त्रींना निरोप पाठवला. वय सत्तरीच्या पुढे, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा, साऱ्या आयुष्यात फियाट आणि अॅम्बॅसडर यांपलीकडे तिसऱ्या गाडीला मनापासून हात लावलेला नाही. ते आले, त्यांनी बॉनेटकडे पाहिलेसुद्धा नाही, सरळ मागे जाऊन टाकीचे झाकण उघडले, नाक जवळ नेले आणि मला म्हणाले, "बाबू, इकडे या. वास घ्या. हे पेट्रोल नोहे, हा चपडा हाय."

चपडा म्हणजे लाखेच्या पापड्या. स्पिरिटमध्ये विरघळवून फर्निचरला पॉलिश करतात त्या. लकडगंजात वाढलेल्या माणसाला याहून नेमकी उपमा सुचणे शक्य नाही. पेट्रोल हे एक द्रव्य नव्हे, अनेक तेलांचे मिश्रण आहे. त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग आधी उडून जातो. मागे राहतो तो जड भाग. त्यावर हवेतल्या प्राणवायूची क्रिया होऊन चिकट राळ तयार होते, आणि ती वाळली की पिवळट-तपकिरी कवच. ताज्या पेट्रोलचा वास झोंबतो, शिळ्याचा वास व्हार्निशसारखा गोडसर येतो. बंद टाकीत हे होण्यास काही महिने पुरतात. कार्बुरेटरच्या पेल्यात तर घोटभरच पेट्रोल असते, तिथे त्याहून कमी काळ लागतो.

त्यातच इथेनॉल. २०२१ सालच्या पेट्रोलातही ते थोडेफार होतेच. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्क्यांचे मिश्रण आले. ऊस आपलाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मद्यार्काला पाण्याची भारी ओढ. हवेतला दमटपणा तो शोषून घेतो, आणि पाणी पुरेसे साठले की दोघे मिळून पेट्रोलपासून फारकत घेऊन टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. पेट्रोल उचलणारी नळीही तळाजवळच. म्हणजे इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाण्याचा. लोखंडी टाकी आतून गंजते ते निराळेच. आणि ज्या काळात हे मिश्रण कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्या काळच्या रबरी नळ्या त्यात फुगतात, मऊ पडतात आणि त्यांचे कण सुटू लागतात.

आता घशाकडे वळू. कार्बुरेटर समजायला जुन्या घरातला फ्लिटचा पंप पुरेसा आहे. डासांवर औषध मारायचा तो पत्र्याचा पंप आठवतो ना? दांडा पुढे ढकलला की हवेचा झोत एका बारीक नळीच्या तोंडावरून जातो आणि डब्यातले औषध वर चढून तुषार होऊन उडते. औषधाला कोणी ढकलत नाही. वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब उतरतो आणि ते ओढले जाते. हे तत्त्व बर्नूलीने १७३८ साली ग्रंथात मांडले, अरुंद गळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहावर इटलीच्या व्हेंच्युरीने १७९७ मध्ये लिहिले, आणि जर्मनीच्या मायबाखने १८९३ मध्ये त्यावरून पेट्रोलचे तुषार उडवणारा कार्बुरेटर घडवला. आमच्या फियाटचा सोलेक्स ३२ त्याच घराण्यातला. ३२ हा त्याच्या तोंडाचा मिलिमीटरमधला व्यास. इंजिन श्वास घेते, हवा घशातून खाली उतरते, घसा अरुंद असतो तिथे तिचा वेग वाढतो आणि शेजारच्या पेल्यातले पेट्रोल ती ओढून घेते. पेल्यातली पातळी कायम राखायला एक फ्लोट असतो, संडासाच्या टाकीत असतो तसाच. पातळी चढली की तो एक सुई वर दाबतो आणि आवक बंद होते.

सगळी मेख प्रमाणात आहे. पेट्रोल पुरते जळायला त्याच्या वजनाच्या साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. हे माप राखतात पितळेचे दोन-तीन इवलेसे स्क्रू. त्यांना जेट म्हणतात. जेटच्या पोटातून आरपार एक भोक, आणि डोक्यावर कोरलेला आकडा म्हणजे त्या भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२० म्हणजे १.२० मिलिमीटर, ५० म्हणजे अर्धा. आता अर्ध्या मिलिमीटरच्या भोकाला आतून सगळीकडे पाच शतांश मिलिमीटरचा थर बसला, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नव्हे, तरी भोकाचे क्षेत्र एक तृतीयांशाहून अधिक घटते. पाच उन्हाळ्यांच्या चपड्याला एवढा थर देणे म्हणजे काहीच काम नाही.

कोणता जेट बुजला हे गाडी स्वतःच सांगते, ऐकणारा हवा. चोक ओढला की चालते आणि चोक आत सारला की मरते, याचा अर्थ पेट्रोल कमी पडते आहे. अॅक्सिलरेटरवर पाय आहे तोवर ठीक, पाय काढला की बंद, हा पायलट जेटचा आजार. उभ्या गाडीचे धिमे चालणे त्याच्यावर असते. याउलट उभ्याने छान गुरगुरते आणि चढावर किंवा वेगात धक्के खाते, तो मेन जेट. पेट्रोल भळाभळा बाहेर वाहते, ती सुई अडकलेली किंवा फ्लोट फुटलेला. आमची फियाट चितार ओळीपर्यंत चोक ओढूनच गेली होती आणि चोक सारताक्षणी मेली, हे ऐकून मिस्त्रींनी मान डोलावली. "त्यानं कार्बुरेटर साफ केला होता, बाबू. खोटं नाही. पन टाकीतला गाळ पुन्हा आला त्यात. घसा धुतला आन् पोटात तेच ठेवलं."

म्हणून शनिवारचा सारा दिवस टाकीत गेला. पण त्याआधी मिस्त्रींनी गाडी ढकलून शेडच्या बाहेर, भुशापासून लांब, मोकळ्या गल्लीत आणवली. बॅटरीची तार सोडवून ठेवली. वाळूच्या दोन बादल्या आणि टालीतले अग्निशामक नळकांडे जवळ मांडून घेतले. शेजारच्या आरा मशीनवरचा एक कामगार विडी ओढत बघायला आला, तर या शांत माणसाने त्याला असा काही झापला की तो पुन्हा फिरकला नाही. लाकडाच्या बाजारात पेट्रोल उघडायचे, तेही दिवाळीच्या तोंडावर, गल्लीत पोरे फटाके घेऊन हिंडत असताना! रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक, हेही त्यांनी बजावले. भरलेल्या टाकीत जळायला हवा नसते. रिकामीत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात, तिला ठिणगीच हवी असते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणाऱ्याचे काय होते याच्या दोन हकिगती त्यांनी सांगितल्या. त्या दिवाळी अंकात छापण्याजोग्या नाहीत.

टाकीतून निघाले ते आधी पाणीदार, मग चहाच्या रंगाचे, शेवटी गंजाचा चिखल. एक हमाल म्हणाला, मला द्या, चुलीला कामी येईल. मिस्त्रींनी तो पत्र्याचा डबा झाकण लावून स्वतःच्या पायाशी ठेवला. यंत्रांचे तेलकट भाग धुवायला तो त्यांच्या गॅरेजात गेला. ना चूल, ना नाली. टाकी सोडवून आत साबणाचे पाणी आणि मूठभर छोटे नट टाकले आणि मी व ते, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून ती घुसळली. लोणी काही आले नाही. चार पाण्यांनंतर धुवण स्वच्छ निघाले. मग ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर टाकी उलटी. नवी, इथेनॉलला टिकणारी रबरी नळी, मध्ये पारदर्शक फिल्टर, पंपाचा नवा डायाफ्राम. कार्बुरेटरला अजून कोणी हात लावला नव्हता.

रविवारी सकाळी आरा मशीन बंद, गल्ली शांत. काकू धरमपेठेतून चिवड्याचा डबा घेऊन आल्या आणि खुर्ची टाकून बसल्या. मिस्त्रींनी जुन्या बेडशीटवर कार्बुरेटर खोलला. प्रत्येक स्क्रू निघेल त्या क्रमाने ओळीत, जणू पंगत वाढली आहे. जस्ताच्या मिश्रधातूचे अंग. पेल्यात खालच्या बाजूला पांढरी भुकटी, ती पाण्याची करणी. वरच्या बाजूला तो सुप्रसिद्ध चपडा. पायलट जेट उजेडाकडे धरला तर पलीकडे काही दिसेना.

"थांबा," काकू म्हणाल्या, "स्टोव्हची पिन आहे माझ्याकडे." आणि खरोखरच त्यांच्या पिशवीत ती होती! ज्यांच्या घरात पितळी स्टोव्ह होता त्यांना ही पिन आठवेल. ज्योत बसली की पिन घालायची, भर्रकन ज्योत उठायची. पण वर्षानुवर्षे पिन घालून घालून निप्पलचे भोक रुंद होते, ज्योत पिवळी पडते आणि भांडी काळी होतात, हेही आठवेल. जेटचे तेच. पोलादी तार पितळेला कोरते. १.२० चे भोक १.३० झाले तर डोळ्याला कळणार नाही, पण क्षेत्र सतरा टक्क्यांनी वाढते. मग गाडी धूर ओकते, पेट्रोल पिते आणि मालक कारखान्याला शिव्या देतो.

"पिन राहू द्या, वहिनी," मिस्त्री म्हणाले. "स्टोले नवा निप्पल कुठीबी भेटते. याले भेटलाच तर नकली भेटते. मले फड्याची एक काडी द्या." फडा म्हणजे झाडू. टालीत एकच होता, नवा कोरा, लक्ष्मीपूजनासाठी आणून ठेवलेला. त्याची काडी मोडायला काकूंनी साफ नकार दिला. शेवटी शेजारच्या चहावाल्याच्या जुन्या फड्याची काडी आली. तोवर जेट, सुई, इमल्शन नळी, सारे पितळी भाग एका वाटीत थिनरमध्ये बुडाले होते. राळ खरवडून जात नाही, विरघळून जाते. तासभर थांबावे लागते. जुन्या रबराचा, डायाफ्रामचा भाग तेवढा वाटीबाहेर ठेवायचा, कारण थिनर त्यांनाही विरघळवतो. वाट पाहता पाहता काकूंनी चिंचेचे सुचवले. देवाची पितळी भांडी दिवाळीला चिंचेनेच लख्ख होतात ना? यावर मिस्त्री हसले. पितळेला चिंच चालेल, पण कार्बुरेटरचे अंग जस्ताचे. आंबट त्याला खाते. ते अंग थिनरच्या ब्रशने आणि नंतर प्रत्येक छिद्रातून दाबाची हवा सोडूनच स्वच्छ करायचे, आणि हवा मारताना डोळ्यांना चष्मा हवा. कुठल्या छिद्रातून हवा आत गेली आणि कुठून बाहेर आली, हे बोट लावून पाहायचे. एका वाटेतून ती येईना. पुन्हा थिनर, पुन्हा अर्धा तास. गणपतीच्या वेळी ही वाट कोणी तपासली नसावी.

फ्लोटची परीक्षा मला सर्वांत आवडली. पितळेचा पोकळ फ्लोट मिस्त्रींनी कानाशी हलवला, नारळ पाहतात तसा; आत पेट्रोल शिरले असते तर खळखळले असते. मग चहावाल्याकडच्या गरम पाण्यात तो बुडवला. आतली हवा तापून फुगते आणि कुठे सुईएवढे छिद्र असेल तर बुडबुडा येतो. नाही आला.

काडीने भोके हलकेच झटकून, उजेडाकडे धरून, प्रत्येक जेटमध्ये गोल चंद्र दिसल्यावरच तो जागी गेला. नव्या पॅकिंग घातल्या. झाकण बसवण्यापूर्वी पेल्यात इंजेक्शनच्या पिचकारीने ताजे पेट्रोल भरले, म्हणजे पंपाने भरेपर्यंत सेल्फ मारत बॅटरी रिकामी करायला नको. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडले होतेच. पाच वर्षे कोरड्या भिंतींवर पिस्टन एकदम घासू नये म्हणून इंजिन आधी हाताने फिरवून पाहिले होते. ऑइलही नवे. या गोष्टी लिहायला एक ओळ लागते, करायला दुपार झाली.

आता किल्ली. मी पुढे झालो, तर मिस्त्री काकूंकडे वळले.

"वहिनी, तुमी बसा. तिले चोक किती लागते, तुमालेच ठाऊक."

मला हे ठाऊक नव्हते. काकांना मोटार चालवायचा कंटाळा. १९७४ साली गाडी आली तेव्हापासून चालवायच्या त्या काकू; काका डावीकडे बसून वर्तमानपत्र वाचायचे आणि टालीत उतरायचे. रोज सकाळी धरमपेठ ते लकडगंज, नऊवारीतल्या सासूबाईंच्या डोळ्यांदेखत. मिस्त्रींनीच त्यांना पाना धरायला, टायर बदलायला शिकवले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू हळूच आत बसल्या. आरसा नीट केला. चोक पूर्ण ओढला, मग बोटभर आत सारला. अॅक्सिलरेटर दोनदा दाबून पाय काढला. पहिल्या सेल्फला नुसता खाकरा. दुसऱ्याला दोन ठोके. तिसऱ्याला तिने धरले, मागून ऑइलचा पांढरा धूर सुटला आणि चहावाल्याची पोरे टाळ्या पिटू लागली. मिस्त्री एका हाताने कार्बुरेटरचा स्क्रू चिमूटभर फिरवत, दुसरा हात उंच धरून काकूंना 'थांबा' म्हणत होते. मिनिटभराने त्यांनी तो हात खाली केला. काकूंनी चोक हळूहळू आत सारला, शेवटपर्यंत. गाडी बंद पडली नाही.

काकूंचा परवाना केव्हाच संपलेला. तेव्हा सेंट्रल अव्हेन्यूवरून गाडी मी चालवली, काकू काकांच्या जागी बसल्या आणि मिस्त्री मागे, दोन सीटांमध्ये मान घालून इंजिन ऐकत. चितार ओळीत लक्ष्मीच्या मूर्तींची दुकाने लागली होती. तिथे सिग्नलला उभे राहावे लागले, आणि मला इंजिनापेक्षा मिस्त्रींच्या श्वासाचाच आवाज अधिक येत होता. फिल्टरमध्ये गंजाचे दोन-तीन कण आले, ते धरमपेठेत पोचल्यावर दिसले. महिनाभराने फिल्टर पुन्हा बदलायचा असे ठरले. नव्या पेट्रोलात इथेनॉल जास्त, त्यामुळे मिश्रण किंचित पातळ होते. हिवाळ्यात सकाळी चोक जरा जास्त वेळ लागेल, घाबरू नका, हेही सांगून झाले. चुलतभावाला फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने ओसरीपुढे पत्रा टाकायला किती खर्च येईल ते विचारले.

निघताना मिस्त्रींनी पथ्य सांगितले. पंधरा दिवसांतून एकदा, मोकळ्या जागेत, वीस मिनिटे. नुसती उभ्याने गुरगुरवायची नाही, इंजिन पुरते तापेल अशी एक चक्कर मारायची. टाकीत शिळे साठू द्यायचे नाही, थोडे थोडे ताजे भरायचे. दोन महिने कोणी नसेल घरी, तर टाकी आणि कार्बुरेटरचा पेला, दोन्ही आधी रिकामे करायचे.

"पंधरा दिवसांनी कोण येणार?" मी विचारले.

काकूंनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून मांडीवर घेतले आणि एकाआड एक रविवारावर पेन्सिलीने माझे आद्याक्षर लिहायला सुरुवात केली. डिसेंबरपर्यंत लिहून झाल्यावर त्यांनी विचारले, "नव्या वर्षाचे कॅलेंडर बाजारात आले का रे?"